आधी कोणाचा बॅनर उतरणार

“ही वर हाय ना, हीच ती. यादीत नावच न्हाई आलं म्हनं.”

भाजीवाल्या मावशींनी हे कोथिंबिरीची जुडी झटकता झटकता सांगितलं. समोर पिशवी उघडून उभी असलेली बाई मान वर करून बघायला लागली. मीही बघितलं. न बघणं विचित्र दिसलं असतं.

“मंग बॅनर कशापायी ठिवलाय अजून?”

“कोनाला ठावं बाई. शोभा म्हनून असंल.”

वर, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर आमच्या घरातली तेरा वर्षांची मुलगी हसत होती. शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत झळकल्याबद्दल तिचं हार्दिक अभिनंदन केलेलं होतं. झळकायचं होतं यादीत, झळकली चौकात. खाली शुभेच्छुकांची रांग होती, आणि त्या रांगेत डावीकडून चौथी मी होते. माझा वेगळा फोटो घरात कोणाकडे नव्हता, म्हणून लग्नातला घेतला होता, मुंडावळ्यांसकट. नांदेडच्या त्या चौकात तीन आठवडे मी मुंडावळ्या बांधून, खाली मान घालून सगळ्या रहदारीला शुभेच्छा देत होते.

मावशींनी मला ओळखलं नाही, कारण मी तोंडाला स्कार्फ बांधला होता. आमच्याकडे मुली स्कार्फ उन्हासाठी बांधतात असा सर्वसाधारण समज आहे. मी अर्धा किलो वांगी आणि कोथिंबीर घेतली आणि बॅनरखालूनच घरी आले, कारण दुसरा रस्ता नाही. मुलीच्या शाळेलाही दुसरा रस्ता नाही. म्हणून ती शाळेत जात नव्हती.

ही मुलगी माझ्या नवऱ्याची, त्याच्या पहिल्या लग्नातली. माझं स्थळ आणणाऱ्या गृहस्थांनी आमच्या घरी सांगितलं होतं, “मुलगा एकदम चांगला, सरकारी नोकरी, फक्त आधीचं एक झालंय.” आधीचं एक म्हणजे लग्न. त्या लग्नाची एक मुलगीही आहे, हे दुसऱ्या चहाला कळलं. मी तेव्हा काही बोलले नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आहे; घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे मला दोन भाषांत गप्प बसता येतं.

लग्नानंतर पहिला प्रश्न आला की मुलीने मला काय म्हणायचं. सासूबाईंनी ‘मावशी’ ठरवलं, तशी रीतच आहे. लातूरहून तिच्या आईचा निरोप आला की मावशी म्हणजे माझी बहीण, आणि मला तर बहीण नाही. मग ‘काकू’ निघालं. त्याला माझ्या दिरांनी हरकत घेतली, कारण काकू त्यांची होणारी बायको असणार होती. ती अजून ठरली नव्हती, पण जागा राखून ठेवलेली बरी. शेवटी मुलीनेच मार्ग काढला. ती मला “ऐका ना” म्हणायला लागली. जुन्या बायका नवऱ्याला म्हणत तसं. गेली दोन वर्षं माझं नाव तेच आहे आणि मला ते आवडतं, कारण ते ऐकल्यावर करायचं काय, हे स्पष्ट असतं.

मुलगी नांदेडला आमच्याकडे राहते. एकाआड एक शनिवारी तिला लातूरला आईकडे पाठवायचं, असं कोर्टात ठरलं. कुठे सोपवायचं ते ठरलं नाही. त्यावरून तीन महिने भांडण झालं आणि अखेर अहमदपूरच्या बसस्थानकासमोरचं एक हॉटेल नक्की झालं, कारण ते दोघांनाही सारखंच गैरसोयीचं होतं.

तिथे माझं काम काय, तर निरोप्याचं. ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. बसतात एकाच टेबलाशी, समोरासमोर. मध्ये कांदाभजी, आणि बाजूच्या खुर्चीवर मी.

“सांग तिला, मंगळवारी टेस्ट आहे, पुस्तकं परत पाठव म्हणावं.”

“सांगा त्यांना, मॅडम, पुस्तकं मागच्या वेळीही पिशवीतच होती. बघायला डोळे लागतात.”

मॅडम म्हणजे मी. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आहेत, मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला मॅडम म्हणतात. त्यात आदर किती असतो, हे भजी तळणाऱ्यालाही कळतं. खरं तर सगळंच त्याला ऐकू जातं. दोघांचे आवाज खणखणीत आहेत. मी निरोप पुन्हा सांगायची गरजच नसते, मी फक्त मान इकडून तिकडे वळवते, टेबल फॅनसारखी. पण मी नसले तर बोलणंच होत नाही. सबंध नात्यात सर्वात कमी बोलणाऱ्या बाईला या कामावर नेमायचं, हे कोणाला सुचलं मला माहीत नाही. बहुधा सर्वांना एकदमच.

आता बॅनरचं.

परीक्षा झाली, पुढे उत्तरसूची आली, आणि दोन्हीकडून मुलीला एकच प्रश्न आला: किती पडतात? लातूरचा फोन सकाळी आला. ती म्हणाली, दोनशे चौऱ्याहत्तर. संध्याकाळी वडिलांनी विचारलं. दोनशे चौऱ्याहत्तर. तीनशेपैकी दोनशे चौऱ्याहत्तर म्हणजे यादीत नाव पक्कं, असं दोन्हीकडच्या जाणकारांचं मत पडलं.

यादी सोमवारी लागणार अशी बातमी आली. शुक्रवारी लातूरला मुलीच्या मामांनी बॅनर लावला. लगेच त्याचा फोटो स्टेटसला आला. ‘आमची भाची, आमचा अभिमान.’ त्यात आई होती, मामा होते, आजोबा होते, मामांचे चार मित्र होते. वडील नव्हते. मुलीचा फोटो मात्र कुठल्याशा सहलीतला होता, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कापून काढलेला. त्याची चार बोटं तेवढी तिच्या खांद्यावर राहून गेली होती. एका बोटात खड्याची अंगठी होती. ती अंगठी रोज सकाळी आमच्या बेसिनवर असते.

दिरांनी तो फोटो मोठा करून बघितला. “दादा, आठ बाय दहाचा हाय. आपण दहा बाय पंधरा लावू.”

“यादी सोमवारी आहे ना पण?” नवऱ्याने विचारलं. त्या संपूर्ण प्रकरणातलं हे शहाणपणाचं एकमेव वाक्य, आणि त्याचं आयुष्य फार थोडं निघालं.

“यादी काय, येतच असती. पोरगी आपल्याकडं राहती, आपल्याकडं शिकती, अन् श्रेय लातूरला? लोक काय म्हनतील?”

मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात होते. मुलगी पलंगावर बसलेली होती आणि तिचे कान लाल झाले होते. मी ते पाहिलं. ट्रे ठेवला. म्हणाले, “साखर कमी आहे का बघा.” माझं त्या दिवशीचं योगदान एवढंच.

रविवारी बॅनर लागला. सोमवारी यादी लागली. यादीत नाव नव्हतं.

आधी अर्थातच यादी चुकीची आहे असं ठरलं. मग बैठक क्रमांक चुकीचा आहे असं ठरलं. दुपारी गुणपत्रक उघडलं. त्यात एकशे एकोणसाठ होते. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे खरा दोषी सापडला. लातूरच्या मते तो नांदेडमध्ये राहत होता आणि नांदेडच्या मते ती लातूरमध्ये राहत होती. मुलगी या सगळ्या वेळात बाथरूममध्ये नळ चालू ठेवून बसली होती. बादली भरून वाहत होती. आमच्या भागात पाणी चार दिवसांआड येतं, तरी त्या दिवशी सासूबाई तिला काही बोलल्या नाहीत. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

बॅनर उतरवायचा हे दुसऱ्या दिवशी सर्वांनाच पटलं. प्रश्न एवढाच होता की आधी कोणी.

“आपण आधी उतरवला, की ते म्हणायला मोकळे, बघा, चूक यांचीच,” नवरा म्हणाला. “सांग तिला, आधी लातूरचा उतरव म्हणावं. आधी लावला त्यांनी, आधी उतरवावा त्यांनी.”

मी फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि नवरा शेजारी होता, तरी मी लावला.

“सांगा त्यांना, मॅडम, आमचा आठ बाय दहाचा आहे. ज्यांची शरम मोठी आहे त्यांनी आधी उतरवावी.”

एरवी त्या खांबांवर बॅनर चार दिवस टिकत नाही. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, रांगच असते. पण दिरांचा चौकात दबदबा आहे. त्यामुळे आमचा टिकला. एकदा पाऊस झाला तेव्हा एक कोपरा सुटला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी भल्या माणसाने तो पुन्हा बांधून दिला.

मुलगी पहिल्या दिवशी शाळेत गेली. परत आली तेव्हा तिचं शाळेतलं नाव ‘बॅनर’ झालेलं होतं. ए बॅनर, वही दे. बॅनर, सरक. दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट दुखायला लागलं. त्याच आठवड्यातला शनिवार लातूरचा होता. तेव्हाही पोट दुखलं, कारण लातूरचा बॅनर नेमका आईच्या गल्लीच्या तोंडाशी होता. तिला दोन घरं आहेत असं लोक कौतुकाने म्हणतात. दोन्ही घरांबाहेर ती स्वतःच हसत उभी होती.

उपचार सुरू झाले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन दृष्ट काढली. “यवढा मोठा फोटू लावल्यावर नजर लागंल न्हाई तर काय व्हईल?” खरं सांगायचं तर सगळ्या निदानांत हे निदान सर्वात अचूक होतं. नवऱ्याने तिच्या मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ पाठवला. तो सात वेळा नापास होऊन आठव्यांदा मोठा साहेब झाला होता. तासाभराने आईकडूनही लातूरहून तोच व्हिडिओ आला. चार वर्षं एकमेकांशी न बोलताही त्या दोघांचं किती जुळतं, याचं मला नवल वाटलं. मुलीने दोघांनाही अंगठा पाठवला. एकच.

दुपारी घरात आम्ही दोघी असायचो. नवरा ऑफिसात, सासूबाई डुलकीत. धीर देणं हा प्रकार मला येत नाही. धीराची जी वाक्यं माझ्या डोक्यात येतात ती सगळी इंग्रजीत येतात, आणि आमच्या शाळेच्या जिन्यातल्या पोस्टरांवरची असतात. ती मराठीत सांगितली तर सूर्योदय आणि डोंगरही बरोबर द्यावे लागतील. म्हणून मी लसूण सोलायला घेतला आणि अर्धा तिच्याकडे सरकवला. तीन दिवस आम्ही लसूणच सोलला. घरात लसणाचा ठेचा इतका झाला की सासूबाई शेजारी वाटून आल्या.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, “ऐका ना.”

“हं.”

“किनवटला मुलींच्या हॉस्टेलच्या शाळा असतात ना?”

“असतात.”

“तिथं शनिवारी कोण न्यायला येतं?”

“शनिवारी कोणी नाही येत. दिवाळीला येत असतील.”

“मग बरंय,” ती म्हणाली. थोड्या वेळाने: “तिकडं बॅनर लावतात का?”

“जंगल आहे. खांब कमी असतील.”

ती हसली नाही, पण पाकळी सोलता सोलता तिचा हात थांबला.

“ते दोनशे चौऱ्याहत्तर मी असंच सांगितलं.”

“असंच म्हणजे?”

“मम्मीने आधी विचारलं. काहीतरी चांगलं सांगायचं म्हणून सांगितलं. मग पप्पांना तेच सांगावं लागलं. कमी सांगितलं असतं तर पप्पा म्हणाले असते, आईला खोटं सांगतेस. जास्त सांगितलं असतं तर मम्मी म्हणाली असती, त्यांना सगळं सांगतेस, मला नाही. सारखंच सांगितलं की कोणी काही म्हणत नाही.” मग तिने लसणाकडे बघत सांगितलं, “दुसऱ्या पेपराची शेवटची दोन पानं मी सोडवलीच नाहीत.”

का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी तिथेच होते.

परीक्षेच्या सकाळी केंद्राच्या फाटकापाशी नवरा दही-साखरेची वाटी घेऊन उभा होता. तेवढ्यात रिक्षातून तिची आई उतरली. लातूरहून पहाटेच्या गाडीने आलेली, हातात स्टीलचा डबा, डब्यात दही-साखर. पेपराला जाताना मुलाच्या हातावर दही ठेवतात ते शुभ असतं म्हणून. दोनदा दही ठेवलं तर दुप्पट शुभ व्हायला हरकत नव्हती. पण पहिलं कोणाचं, हा प्रश्न आला.

“सांग तिला, वेळ होतोय, आमचं आधी देऊन होऊ दे.”

“सांगा त्यांना, मॅडम, आईच्या हातचं आधी असतं.”

मुलीने दोन्ही हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर दही पडलं. तिने उजवं चाटलं, डावं चाटलं, मग दोघांकडे बघितलं, कोणाचा चेहरा पडला ते बघायला. दोघांचेही पडले होते. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत तेच डब्यांवरून. दोन्ही डब्यांत धपाटेच होते. आमचे मी केलेले, लातूरचे आईने केलेले. या वेळी आवाज चढले. फाटकावरचा शिपाई मध्ये पडला. घंटा झाली तेव्हा मुलीने काहीच खाल्लेलं नव्हतं आणि भिंतीच्या पलीकडे, परीक्षेच्या खोलीपर्यंत, तिचे आई-वडील नीट ऐकू जात होते. आत जाताना तिने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. मला वाटलं होतं, निदान माझ्याकडून काही चूक झाली नाही.

“कोणाला सांगू नका,” ती आता म्हणाली.

“नाही सांगणार.”

न सांगण्यात माझा हातखंडा आहे. पण सासूबाईंची डुलकी तितकी गाढ नव्हती. मार्कांचं त्यांना ऐकू गेलं नाही, किनवट तेवढं गेलं. संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, “पोरगी हॉस्टेलला जाती म्हनती. जाऊ दे की. रोजची कटकट तरी मिटंल.” दोन दिवसांत हॉस्टेलचा फॉर्म घरी आला. आमच्या घरात कुठलाही सरकारी कागद इतक्या लवकर आलेला मी पाहिला नव्हता. फॉर्मवर दोन सह्या लागत होत्या, आईची आणि वडिलांची. येत्या शनिवारी अहमदपूरला काम होऊन जाईल, असं नवरा म्हणाला. त्या आनंदात मुलीला कोणी काही विचारलं नाही. तिने विचारलं होतं हॉस्टेलचं, हे खरं. पाण्यात पडलेला माणूसही काठ कुठे आहे ते विचारतो; म्हणून तिथे त्याचा सातबारा निघत नाही.

शनिवारी मी सहाला उठले. टाकीवर चढायची शिडी गच्चीवरून उतरवली, तिचा एक पाय जिन्याच्या कठड्याला आपटला, कोणी उठलं नाही. मुलीला हलवलं.

“बॅनर उतरवायचाय. शिडी धरशील?”

ती डोळे चोळत बसली. “पप्पा?”

“झोपलेत.”

“काका?”

“काका दहाच्या आधी उठल्याची नोंद नाही.”

तिने माझा स्कार्फ मागितला. मी दिला. मग माझ्याकडे स्कार्फ उरला नाही.

चौकात चहाची टपरी नुकतीच उघडत होती. मी कात्री कमरेला खोचून शिडीवर चढले. मला उंचीची भीती वाटते, आणि लोकांनी बघितलेलंही आवडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सोयीने उपलब्ध होत्या. पहिली दोरी कापली तेव्हा टपरीवाला ओरडला, “ओ ताई, उतरवायची परवानगी हाय का?”

मी काही म्हणणार तेवढ्यात खालून, स्कार्फच्या आतून, आवाज आला, “लावताना घेतली होती का?”

टपरीवाला चहा ढवळायला लागला. मी वरून खाली बघितलं. तीन आठवड्यांत तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या खांबाशी भाजीवाल्या मावशी पोती उतरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बॅनरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “अगं बया! ही तर मुंडावळ्यावाली!” आणि पोतं टाकून त्या शिडी धरायला धावल्या. “थरथर करून राहिली की तू. इकडच्या पायावर जोर दे. हाव, आसं.”

बॅनर खाली आला. जमिनीवर तो फारच मोठा दिसत होता. आम्ही घडी घालायला लागलो तशा मावशी म्हणाल्या, “टाकून देनार हाव का? माझ्या गाड्यावर ताडपत्री न्हाई. पावसात समदी मेथी सडती.”

मी मुलीकडे बघितलं. तिने विचार केला. “घ्या. पण तोंड आत करून टाका.”

“आत तर आत,” मावशी म्हणाल्या. “मेथीला काय, कुनाचं बी तोंड चालतं.”

घरी येताना ती शिडीचं पुढचं टोक धरून चालत होती, मी मागचं. ती न वळता म्हणाली, “मी सोमवारी शाळेत जाईन. बहुतेक.”

चहाच्या वेळी नवऱ्याला कळलं. आम्ही गाडीने अहमदपूरला निघालो. लोहा गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, “लातूरवाल्यांना आयतंच मिळालं आता.” मागच्या सीटवर मुलगी खिडकीला डोकं टेकून बसली होती. फॉर्म पुढे डॅशबोर्डवर, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये होता.

हॉटेलात तिची आई आधीच येऊन बसली होती. आम्ही बसलो. भजी आली.

“मॅडम, अभिनंदन. नांदेडचा उतरला म्हणे सकाळी. चला, चूक कोणाची ते एकदाचं ठरलं.”

“सांग तिला, आमच्याकडं लाज आहे म्हणून उतरला. आणि खोटे मार्क लातूरच्या फोनवर आधी सांगितले गेले, हेही सांग. सकाळी. आमच्याकडं संध्याकाळी.”

“सांगा त्यांना, खोटं बोलायची सवय कोणाच्या घरात लागते ते—”

“मीच सांगितले,” मुलगी म्हणाली. “मला किती पडणार माहीतच नव्हतं. तुम्ही दोघं विचारत होता म्हणून सांगितले. दोघांना सारखे.”

मला वाटलं, आता कोणीतरी तिच्याकडे बघेल.

“सांग तिला,” नवरा म्हणाला, “हे संस्कार.”

“सांगा त्यांना, महिन्यातले चारच दिवस असते ती माझ्याकडं. बाकीचे संस्कार कोणाचे?”

मुलीने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, तळवे वर करून. तिला ते कळत नव्हतं. मी ते तळवे याआधी पाहिले होते.

नवऱ्याने फोल्डर उघडला. त्याची सही झालेली होती. “सांग तिला, किनवटच्या हॉस्टेलचा फॉर्म आहे. जाऊ दे तिकडं, शिस्त लागेल. खाली सही करायची.”

मी मान वळवली, सवयीने. तिच्या आईने फॉर्मवरची त्यांची सही बघितली. मग पर्समध्ये हात घालून म्हणाली, “सांगा त्यांना, माझी हरकत नाही. इथं राहून तर वाटोळंच होतंय. द्या.”

चार वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं होतं. त्या हॉटेलात, त्या टेबलावर, ज्या गोष्टीसाठी आम्ही सव्वाशे भजी खाल्ली असतील, ती गोष्ट घडली होती. फक्त कागद पलीकडे पोचायचा होता. नवऱ्याने तो माझ्या हातात दिला. आईने हात पुढे केला. मुलगी माझ्याकडे बघत होती, परीक्षेच्या दिवशी आत जाताना बघितलं होतं तशी. आज माझ्याकडे पाण्याची बाटलीही नव्हती.

मी कागदाची घडी केली, मग आणखी एक, आणि तो माझ्या पिशवीत ठेवला. मी बोलले तेव्हा आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, कारण भजी तळणारा झारा हातात धरून वळला.

“हा कागद मी पुढं देणार नाही. आणि आजपासून कोणाचा निरोपही देणार नाही, तुम्हाला दोघांना नीट ऐकू येतं. ताई, लातूरचा बॅनर काढायला मी आत्ता तुमच्याबरोबर येते, शिडी तेवढी तुमच्याकडची लागेल. आणि हिनं कुठं राहायचं, ते मला सांगू नका. ही इथंच बसलीय. हिला विचारा.”